जमिनीतलं उखळ

माझ्या आवाजाला धसईच्या बाजारात मान होता. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल असं आता वाटत नाही.

आमच्या भाजीवाल्यांच्या गटाची एक वेबसाइट होती. तिच्यावर माझ्या सुनेने, शीतलने, एक हिरवं बटण बसवलं होतं. ते दाबलं की मी बोलायची. "बायांनो, भेंडी आज वधारलीय. फाट्यावरचा टेंपोवाला तोंड वाकडं करील. करू दे, त्याचं मुळातच वाकडं आहे." मग काकडी, मग कारली. ज्या बायांना अक्षर कळत नाही त्या फोन कानाला लावून भाव ऐकायच्या आणि भाजी विकत घेणाऱ्या टेंपोवाल्याकडे तोच भाव मागायच्या. आधी शीतलने स्वतःच्या आवाजात करून बघितलं होतं. तेव्हा वाडीवरची गिरजा म्हणाली, "ही तर स्टेशनातली बाई बोलते." मग बोलायला मी बसले.

सगळ्यांना वाटायचं, सुंदराकाकी भाव वाचून सांगते. वाचायची शीतल. संध्याकाळी चुलीपाशी ती मोबाइलमध्ये बघून हळू बोलायची, मी तेच मोठ्याने बोलायची. आमचं दुसऱ्या कशात पटलं नाही. तिची भाकरी पापडासारखी, माझी म्हणे दगडासारखी. पण तेवढा वेळ आम्ही दोघी एका तोंडाने बोलायचो. आणि वाचते कोण, हे तिने बाहेर कधी कोणाला कळू दिलं नाही.

मार्गशीर्षात गटाच्या गोदामात बैठक झाली. साइट जुनी झाली, नवी करायची होती. त्यासाठी कल्याणहून संदेश नावाचा पोरगा आला होता. पायातले पांढरे बूट शेणात जाऊ नयेत म्हणून तो उड्या मारत आला, तेव्हाच मी त्याला ओळखलं.

"ज्या सॉफ्टवेअरवर साइट चालते, त्याची नवी आवृत्ती पुढच्या वर्षी येतेय," तो म्हणाला. "म्हणून आत्ताच अशी बांधू, की तेव्हा उचलून तशीच नव्यावर ठेवता येईल. हाताने बनवलेलं काही ठेवायचं नाही. तयार मिळतं तेवढंच वापरायचं."

"म्हणजे काय जाणार?" गटाचा अध्यक्ष अनंता म्हणाला.

"ते आवाजाचं बटण. ते कुठेच तयार मिळत नाही, मॅडमनी स्वतः लिहिलंय. नव्यावर ते बंद पडणार."

"जावई पुढच्या वर्षी येणार, म्हणून आजच कोंबडी कापायची काय रे?" मी म्हटलं. लोक हसले.

तो चिडला नाही, हे मला आवडलं नाही. "आजी, घर बदलताना आपण काय नेतो? भांडी नेतो. जमिनीत पुरलेलं उखळ नेता येतं का?"

"पुरलेलं असतं म्हणूनच त्यात कांडता येतं. तुझ्या भांड्यात कांडून दाखव. आणि आजी कोणाची? तुझी आजी तिकडे कल्याणला."

पुन्हा हसले. अनंताने मात्र हात वर केला. "बटण राहू दे, काकीचं बरोबर आहे. पण नवं आल्यावर ते पुन्हा लिहावं लागंल. शीतल, तू लिहशील ना?"

शीतल पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग माझा भावेश उठला. माझा मुलगा, रोज कामाला कल्याणला जातो. मान खाली घालून तो म्हणाला, "आमी संक्रांतीनंतर कल्याणला राहायला जातोय. खोली बघितलीय. रोजच्या जाण्यायेण्यात जीव जातो."

माझ्या घरातली गोष्ट मला गोदामात कळली. पन्नास माणसांत, कांद्याच्या गोण्यांवर बसून.

संदेश घाईने म्हणाला, "तिकडूनही होईल ते. मॅडम लक्ष देणार असतील तर मी बटण ठेवतो, माझी हरकत नाही."

शीतलने माझ्याकडे बघितलं. "आत्या, मी तिथनं करीन. रोज फोनवर भाव पण वाचून—"

तिने जीभ चावली. पण त्या अर्ध्या वाक्यात माझं सगळं उघडं पडलं असं मला वाटलं. बाकी कोणाच्या ध्यानात आलं की नाही, देव जाणे.

"काही गरज नाय," मी म्हटलं. "जाणाऱ्याने चुलीत लाकूड सरकवू नये. काढा ते बटण."

"काकी, विचार करा," अनंता म्हणाला.

"केला. लिही, सुंदराबाई बोलली काढा."

आमच्याकडे बैठकीत मोठ्या माणसाच्या शब्दावर कोणी हात वर करत नाही. बटण निघालं.

संक्रांतीनंतर ती दोघं गेली. शीतलने निघताना पाया पडून विचारलं, "रोज संध्याकाळी फोन करू ना, आत्या?" मी म्हटलं, "तुझ्या कामाचं बघ." तिने ते खरं धरलं.

नवी साइट सुरू झाली. पुढे एकदा अनंता दारात येऊन सांगून गेला, की ती नवी आवृत्ती लांबली, कधी येईल ते संदेशलाही माहीत नाही.

परवा बाजाराच्या दिवशी सकाळी गिरजा आली. डोक्यावर भेंडीची पाटी, हातात फोन. फाट्यावर टेंपोचा हॉर्न वाजत होता.

"काकी, तुमी बोलत नाय आता. बटणच नाय दिसत."

"काढलं."

"मग वाचून तरी सांगा."

फोन घेतला. पाटीवर मुंग्या चढाव्यात तशी अक्षरं. आकडे मला कळतात, दुसरीपर्यंत शाळेत गेलेली आहे मी. पण कुठला आकडा कुठल्या भाजीचा, ते कळेना. अंदाजाने भाव चढा सांगितला तर टेंपोवाला हिला तशीच सोडून जाईल, कमी सांगितला तर ही लुटली जाईल.

"चष्मा नाय गो माझ्याकडे."

"डोळ्यांवर आहे की."

हॉर्न पुन्हा वाजला. मी फोन तिच्या हातात दिला. "गिरजा, मला वाचता येत नाय. शीतल वाचायची."

हे मी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. गिरजा माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा आखडला.

"नका सांगू, काकी. माझ्यावर राग असंल तर तसं बोला. खोटं कशाला बोलता?"

"अगो, खरंच—"

"इतकी वर्सं वाचलं ते काय मी ऐकलं नाय?"

पाटी सावरून ती फाट्याकडे उतरली. टेंपोवाल्याने जे काय हातावर ठेवलं ते तिने घेतलं असणार, मागायला तिच्याकडे भावच नव्हता. संध्याकाळी ती परत गेली ती माझ्या दारावरून नाही, मागच्या बांधावरून.