खोलीची शांतता

मामानं दुकान सोडायचं ठरवलं, हे मामीनं मला फोनवर सांगितलं. "रविवारी संध्याकाळी शेजारचा शिंपी बोलणी करायला येतोय. तू त्याच्या आधी ये," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

मामाचं किल्ल्यांचं दुकान अगदी एवढंसं. आत दोन माणसं असली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा, कोपऱ्यात किल्ली कापायचं यंत्र आणि सगळ्यावर पितळेचा बारीक कीस. फार वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावरच्या सराफाची तिजोरी रातोरात रिकामी झाली होती. सकाळी ती उघडेना म्हणून मामालाच बोलावलं होतं. चोर कधीच सापडला नाही. पोलिसांनी तेव्हा मामाला दोनचार प्रश्न विचारले आणि सोडून दिलं. आता त्या चोरीवर एक माहितीपट निघाला होता आणि त्यात मामाची मुलाखत होती.

माहितीपटात मामाला कुणीही चोर म्हणत नाही. तरी तो दाखवल्यापासून गिऱ्हाइकं यंत्राकडे बघायची सोडून मामाच्या हातांकडे बघायला लागली. एकानं तर हसत हसत विचारलं, "एखादी जास्तीची काढून ठेवत नाही ना?"

"लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?" रविवारी मी घरी गेल्या गेल्या मामा म्हणाला. "ते जाऊ दे. माझंच मला कळेनासं झालंय. ती मुलाखतवाली विचारते, चोरीच्या रात्री तुम्ही कुठे होता? आणि मी गप्प. मला तर चांगलं आठवतंय, मी लगेच सांगितलं होतं, हिची दाढ ठणकत होती, रात्रभर मीठपाणी गरम करत बसलो होतो. पण पडद्यावर मी गप्प आहे गं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी का गप्प बसलो असेन?"

मामा हे गमतीनं म्हणत नव्हता. इतक्या वेळा तो भाग बघून त्याला स्वतःच्या आठवणीपेक्षा पडदा खरा वाटायला लागला होता. चित्रपटांतल्या चित्राचे आणि आवाजाचे तुकडे जोडणं हे माझं रोजचं काम; मामीनं मला बोलावलं ते त्यासाठीच.

"मामा, आपण तो भाग एकदा नीट बघू," मी म्हटलं. "आधी आवाज बंद करून."

आम्ही तिघं बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो. आवाज बंद केल्यावर पडद्यावर नुसता मामा उरला. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ जात होता. त्यानं आवंढा गिळला. डोळे पाणावले. मग नजर डावीकडे गेली आणि परत आली.

"हे तोंड होय?" मामी म्हणाली. "हे तर रोजचं आहे. पानं घ्यायला उशीर झाला की असेच बसतात."

मामाला हसू आलं, पण अर्धंच.

मग मी टीव्हीवर चादर टाकली आणि नुसता आवाज लावला. मामाचं वाक्य आलं, "तिजोरी न फोडता उघडणारा इथे मी एकटाच." त्याच्या मागून एक खर्जातला आवाज सुरू झाला, दूर कुठेतरी जड पंखा फिरावा तसा. त्यावर प्रश्न आला. पुढे नुसतं ते घुमणं.

"ऐकलंस? भीती वाटते ती या आवाजानं. तो प्रश्नाच्या आधीच सुरू होतो. तू काय करतोस हे दिसायच्या आत आपण घाबरलेलो असतो. आणि प्रश्न ऐक. तुझा आवाज दुकानातला आहे, पत्र्यावर आपटून येणारा. तिचा अगदी कोरडा. तो प्रश्न नंतर दुसरीकडे बसून बोललेला आहे."

"म्हणजे तिनं मला विचारलंच नाही?"

"विचारलं असेल. पण आपण ऐकतोय तो प्रश्न त्या वेळचा नाही, एवढंच मला सांगता येईल."

मामी म्हणाली, "ही एक! कोर्टात उभी केल्यासारखी बोलते."

चादर काढून मी चित्र थोडं थोडं पुढे नेलं. मामाचं दुकान पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारनंतर दाराच्या वरच्या काचेतून एक कवडसा आत येतो आणि सूर्य खाली जाईल तसा मागच्या भिंतीवर वर चढतो. तिजोरीचं वाक्य बोलताना कवडसा मामाच्या खांद्याशी होता. गप्प बसलेल्या मामाच्या मागे तो डोक्याच्याही वर, छताजवळ पोचला होता. पुढच्या वाक्याला पुन्हा खांद्याशी. चेहरा मोठा होत जातो म्हणून भिंतीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

"सूर्य मावळायला निघाला आणि काहीतरी विसरलं म्हणून परत आला," मामी म्हणाली.

"मामा, हे गप्प बसणं सगळ्यात शेवटचं आहे. बोलणं संपल्यावर काय झालं होतं?"

मामा पडद्याजवळ सरकला. मग एकदम ताठ झाला.

"अगं, तो कानाला डबे लावलेला पोरगा! सामान आवरता आवरता म्हणाला, काका, अर्धा मिनिट कुणी बोलू नका, हलू नका, मला या खोलीची शांतता घ्यायची आहे. मला वाटलं, येडाच आहे! शांतता काय घ्यायची?"

"घ्यावी लागते. प्रत्येक खोलीची वेगळी असते. आवाजाचे तुकडे जोडताना सांधा ऐकू येऊ नये म्हणून ती खाली अंथरतात. पण तुझ्यासमोरचा कॅमेरा चालूच राहिलेला दिसतोय."

"आणि मला शिंक येत होती! पितळेचा कीस नाकात गेला होता. ती दाबून बसलो होतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत."

"आणि डावीकडे काय बघत होतास?"

"मला," मामी म्हणाली. "मला म्हणजे कसलं, चहाला. मी ट्रे घेऊन दारात उभी. कप वाजेल म्हणून श्वाससुद्धा घेत नव्हते. इकडे यांची नजर चहावर!"

मामा हसायला लागला तो थांबेचना. मी त्याला सांगितलं, की यानं तू त्या रात्री घरी होतास हे सिद्ध होत नाही. तू प्रश्नाला गप्प बसला नव्हतास, इतकंच होतं.

"मला तेवढंच हवं होतं पोरी," तो डोळे पुसत म्हणाला. "बाकीचं मला माहीतच आहे."

दिवेलागणीला शिंपी आला. मामानं त्याला खुर्चीत बसवलं आणि फोन समोर धरला. "मास्तर, अर्धा मिनिट गप्प बसा. खोलीची शांतता घेतोय."

शिंप्यानं बिचाऱ्यानं घसा साफ केला, कॉलर नीट केली आणि फोनकडे टक लावून बसला. मग मी तेच चित्र फोनवर लावून त्याला दाखवलं. मामीनं बाजूनं जड आवाजात विचारलं, "मास्तर, माझ्या पडद्यांचं उरलेलं कापड कुठे गेलं?"

फोनमधला शिंपी आवंढा गिळून गप्प बसला होता. त्याच्याइतका अट्टल गुन्हेगार मी पाहिलेला नाही.

"बघा," मामा म्हणाला, "असं करतात! माणूस बसलाय नुसता, आणि..."

"वहिनी," शिंपी हळूच म्हणाला, "दीडेक मीटर उरलं होतं. आमच्या हिनं उशांना अभ्रे केले."

माझा प्रयोग साफ बिघडला होता. मग मामी इतकी हसली, की शिंप्यालाही हसावं लागलं.

"अभ्रे राहू द्या तुमच्याकडे," ती म्हणाली. "पण दुकान मिळणार नाही."

शिंप्यानं मामाकडे पाहिलं. मामानं मान हलवली. "नाही सोडत, मास्तर. उगीच तुम्हाला हेलपाटा पडला."

"मग उद्या लवकर उघडा," शिंपी म्हणाला. "माझ्या दाराचं लॅच अडकतंय."

सोमवारी कामावर जाताना मी वाट वाकडी करून दुकानावरून गेले. लॅच समोर खोलून ठेवलेलं होतं आणि पायरीवर एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती. घराची किल्ली हरवली होती तिची. मामाकडे निरखून बघत ती म्हणाली, "तुम्हीच ना ते, त्या चोरीच्या सिनेमातले?"

"हो, मीच तो," मामा म्हणाला आणि पायरीवरच्या स्टुलाकडे बोट केलं. "बसा. कुलूप कुठल्या बनावटीचं आहे ते आधी सांगा. मग मी त्यात गप्प का बसलोय, ते सांगतो."