आठ वाजले की माझा जीव टांगणीला

मी रामटेक्यांच्या घरचा राउटर बोलतोय. आवाज नीट येतोय ना? आत्ता दुपार आहे, गल्ली झोपलेली आहे, म्हणून सलग चार वाक्यं बोलू शकतो. संध्याकाळ झाली की माझं मलाच ऐकू येत नाही.

रंगाने मी काळा. डोक्यावर दोन शिंगं, कपाळावर हिरव्या दिव्यांची ओळ. माझ्यासारखी शेकडो भावंडं कारखान्यात एका रांगेत उभी होती, आणि प्रत्येकाला एकदा पेटवून पाहिलं गेलं. पेटला तो पास. जगात जाऊन नेमकं काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही.

ते बालाघाटला आल्यावर कळलं. हेमराज केबलवाल्याने खांबावरून तार ओढली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं आणि तिचं टोक माझ्या पाठीत खोचलं. माझे दिवे लागले तेव्हा घरातली तिन्ही माणसं टाळ्या वाजवण्याच्या बेतात होती. ललिताबाईंनी माझ्यासाठी शोकेसमध्ये, दीपिकाच्या बक्षिसांशेजारी जागा केली होती आणि धूळ बसू नये म्हणून वरून विणलेला रुमालही घातला. त्या रुमालात मला गुदमरायला होतं, पण माया असली की माणसं पांघरूण घालणारच.

मला आणलं ते दीपिकासाठी. ही त्यांची एकुलती मुलगी. आधी नागपूरला शिकली, मग पुण्याला, आणि नोकरीला बंगळूरला गेली. उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून कुठे पीक बरं आहे, कुठे वाळतंय, हे सांगायचं तिचं काम. एक दिवस बॅग घेऊन परत आली आणि म्हणाली, "काम इथूनच करीन. शिकलेली सारी पोरं बाहेरच राहिली, तर इथं कोण राहील?" तिचे बाबा दुलीचंद जंगल खात्यातून निवृत्त झालेले, निम्मं आयुष्य बैहरच्या जंगलात गेलेलं. ते नुसतेच चष्मा पुसत राहिले. ललिताबाई मात्र त्या दिवशी दोनदा मीठ घातलेली भाजी सगळ्यांना वाढून मोकळ्या झाल्या.

माझ्या दाराला कुलूप हवं होतं. दीपिकाने विचारलं, "बाबा, पासवर्ड काय ठेवू?"

"जयभीम ठेव. ध्यानात राह्यते."

"इंग्रजीत आठ अक्षरं लागतात, यात सातच होतात."

"मंग भीम लांब लिही. लहान कायले लिहाचं?"

झालं. ज्या शब्दाने हा सारा मोहल्ला दिवसभर एकमेकांना हाक देतो, तोच माझ्या कुलुपाची किल्ली झाला. हे कुलूप आहे की उघडं फाटक, हा विचार त्या घरात कोणाच्याच डोक्यात आला नाही. दुसऱ्याच दिवशी समोरचे म्हातारे महागूजी फोन घेऊन आले.

"जयभीम, दुलीचंद. तुह्या नेटचा पासवर्ड काय हाये?"

"जयभीम."

"जयभीम, जयभीम. पन पासवर्ड?"

"सांगतला ना बाप्पा!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी दोघं ओट्यावर बसून खोकला येईपर्यंत हसले. हा विनोद आठवडाभर गल्लीत फिरला, आणि विनोदाच्या पाठोपाठ माझी किल्लीही फिरली.

मला त्याचं वाईट वाटलं नाही, खरंच सांगतो. सकाळी माझा रस्ता मोकळा असायचा. दीपिकाची चित्रं पाखरांसारखी यायची-जायची. खरी धडकी भरायची ती दिवेलागणीला. दुकानं बंद करून, ड्यूटी संपवून माणसं घरी आली, हातपाय धुतले, की पहिला हात फोनकडे. शेजारच्या शीलाबाईंची मालिका, महागूजींच्या गोंदियाच्या नातवाशी गप्पा, कुणाचं क्रिकेट, कुणाची नुसतीच फिरणारी बोटं. लांजीच्या शेवटच्या गाडीला जशी एकाच दारातून सगळी माणसं पोतीबोचक्यांसह घुसू पाहतात, तसं माझ्या दारात व्हायचं.

आणि नेमकी त्याच वेळी दीपिकाची मीटिंग. तिच्या कंपनीचे मोठे ग्राहक साता समुद्रापार. इथे दिवे लागतात तेव्हा तिकडे दुपार असते. ती बोलायला लागली की माझा जीव टांगणीला लागायचा. तिचा चेहरा मध्येच थिजायचा, डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. आवाज तुटून पलीकडे नुसते तुकडे पडायचे.

अशा वेळी माणसं काय करतात, ते मी पाहिलं आहे. आधी माझ्याकडे रागाने बघतात. मग शिंगं वाकवतात. मग एक चापट. मग बंद करून पुन्हा चालू. शीलाबाईंनी तर एकदा सल्ला दिला होता, "ललिताबाई, त्याले थोडी हवा दाखवा. गरमीनं येडा झाला असन." पाठीत खोचलेल्या तारेकडे, तिच्या मागच्या खांबाकडे आणि त्या खांबावरून किती घरं नेट पितात इकडे कोणी पाहत नाही. दोष नेहमी समोर दिसणाऱ्याचा.

एका संध्याकाळी मीटिंग संपल्यावर दीपिकाच्या साहेबांनी तिला थांबवून घेतलं. शांत माणूस, शांतपणेच बोलला. पुढच्या शुक्रवारी तिला स्वतःचं काम ग्राहकांपुढे मांडायचं होतं. त्या दिवशी लाइन तुटली, तर सोमवारपासून बंगळूरच्या ऑफिसात यावं लागेल. इंग्रजी बोलणं चाललं होतं, पण ललिताबाई दारात कणीक मळत उभ्या होत्या आणि 'बंगळूर' हा शब्द त्यांना बरोबर कळला. कणकेतला हात तसाच थांबला.

"काय म्हनते तो?"

"काही नाही, आई."

"मले येडी समजते काय? बंगळूर म्हनला तो."

दीपिकाने सगळं सांगितलं, आणि त्याच तिरीमिरीत माझा पासवर्ड बदलला. आता तो आकड्यांचा आणि चिन्हांचा होता, तिच्याशिवाय कोणालाच न येणारा. दुलीचंद म्हणाले, "अवं पोरी, लोकायले काय सांगू मी? का जयभीम बंद केला?"

"बाबा, पासवर्ड बदललाय, जयभीम नाही."

"लोकायले फरक समजन काय?"

नाहीच समजला. दुसऱ्या दिवशी शीलाबाई भिंतीपलीकडून कोणाला तरी, पण इकडे ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, "आजकाल रामटेक्याच्या घरी जयभीम म्हनलं तरी दार उघडत नाई बाई!" दुलीचंदांनी संध्याकाळचं ओट्यावर बसणं सोडलं.

बरं, एवढं करून रस्ता मोकळा झाला असता तरी चाललं असतं. माझ्या दारातली गर्दी हटली खरी, पण आठ वाजता दीपिकाचा चेहरा पुन्हा थिजला. बाहेर काढलेल्या माणसांनी हेमराजकडून आपापल्या घरी तार ओढून घेतली होती, आणि त्या सगळ्या तारा त्याच खांबावर जात होत्या. चिंचोळी जागा माझ्या दारात नव्हतीच, ती माझ्या आधी होती. मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. पण हिरवा दिवा लावणं आणि लाल दिवा लावणं, यापलीकडे मला तोंड कुठे आहे?

हेमराजला फोन लावला तर तो म्हणाला, "भाभी, शाम को पूरे शहर का यही हाल है. दिन में तो मक्खन चलता है ना?"

"दिवसा पोरीले कोन विचारते रे बाबू!" ललिताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शुक्रवार उजाडला. ललिताबाईंनी सकाळीच ठरवलं होतं. "दीपा, आधी जयभीम परत ठेव."

"आई! आजच?"

"हौ, आजच. मी घरोघरी मागाले जाऊन राह्यली. दार लावून ठेवाचं आन् मागाले जाचं, मले लाज वाटते."

"काय मागणार तू?"

"आठ ते नऊ नेट नोका पाहू, एवढंच."

"असं कोणी मागतं का? लोक हसतील."

"हासू दे. विहारात पावसाळाभर वर्षावासाचं ग्रंथवाचन राह्यते तवा सारी गल्ली टीवी बारीक करते का नाई? तवा कोनी हासते काय? तुहं बी वाचनच हाये."

दीपिकाने जुनी किल्ली परत लावली, आणि घरी स्वतःच्या तारा आल्या असूनही गल्लीतले फोन सवयीने पुन्हा माझ्या दारात आले.

ललिताबाई चांगलं लुगडं नेसून निघाल्या. शीलाबाईंशी बोलणं भिंतीपाशीच झालं, म्हणून ते मला ऐकू आलं.

"आज? आज तर सून सासूले विष देनार हाये, ललिताबाई! आठवडाभर वाट पाहून राह्यली मी!"

"शीलाबाई, माही पोरगी जाईन व परत."

शीलाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"जाऊ दे बाई. विष कुठं पयून जाते? उद्या पाहीन. आन् माह्या दोन्ही पोट्ट्यायचे फोन घेऊन ठेवते, पदरात बांधून."

आठ वाजत आले. दीपिका लॅपटॉप उघडून बसली. ललिताबाई तिच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. इंग्रजी कळणार नव्हतं, पण आपली पोरगी मोठ्या लोकांशी कशी बोलते ते आज डोळ्यांनी पाहायचं, कानांनी ऐकायचं, हे त्यांनी दुपारीच दुलीचंदांना सांगितलं होतं.

आणि मग मी कधी न अनुभवलेली गोष्ट घडली. एकेक फोन माझ्यापासून सुटत गेला. महागूजी गेले. शीलाबाई गेल्या. कुणाकुणाची नावं मला माहीतही नव्हती, तेही गेले. पाठीतल्या तारेतून खांबापर्यंत वाट सैल होत गेली. दूरच्या गल्ल्यांची वर्दळ होतीच, पण अंग चोरून का होईना, दीपिकाचा आवाज जाऊ शकत होता. ती बोलू लागली. पहिली काही मिनिटं स्वच्छ. माझा प्रत्येक दिवा जपून जपून लुकलुकत होता.

मग कोणीतरी माझा पदर धरून ओढल्यासारखं झालं.

एक फोन राहिला होता. त्याच्यावर कुठल्याशा बारशाचे व्हिडिओ येत होते, एकामागून एक. पाळणा, गाणी, जेवणाची पंगत. मी शोधलं. फोन घरातच होता. तो ललिताबाईंच्या मुठीत होता. साऱ्या मोहल्ल्याला सांगून आलेली ती माऊली स्वतःचा फोन विसरली होती.

मी काय करू? ओरडू कसा? दीपिकाचा आवाज अडखळला. "हॅलो? हॅलो, कॅन यू हिअर मी?" पलीकडे शांतता. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत बंगळूरच्या गाडीचं तिकीट दिसत होतं. ललिताबाईंनीही माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून बाहेर गल्लीकडे. सगळे ओट्यांवर रिकाम्या हाताने बसलेले.

तेवढ्यात त्यांच्या मुठीत टिंग झालं.

त्यांनी फोनकडे पाहिलं आणि चेहरा पांढराफटक पडला. बटण दाबलं तर फोनच उलट विचारू लागला की बंद करू की पुन्हा सुरू करू. ते वाचायला त्या थांबल्या नाहीत. अनवाणीच धावत सुटल्या. ओटा ओलांडला, गल्ली ओलांडली. महागूजी ओरडले, "अवं काय झालं, ललिता?" त्या थांबल्या नाहीत. माझा हात जिथपर्यंत पोचतो, त्याच्या पलीकडे गेल्या. मला तो धागा तुटलेला कळला.

दीपिकाचा आवाज परत उभा राहिला. शेवटपर्यंत.

ललिताबाई गल्लीच्या तोंडाशी, फोन छातीशी धरून उभ्या राहिल्या. आपण परत गेलो आणि पुन्हा काही झालं तर, या भीतीने मीटिंग संपेपर्यंत त्या आल्याच नाहीत. दीपिकाच त्यांना शोधत बाहेर गेली. "आई, झालं! साहेब म्हणाले, राहा तिथेच!" गल्लीत टाळ्या वाजल्या. शीलाबाईंनी ताबडतोब पदराची गाठ सोडून फोन काढले.

दीपिका राहिली आहे. माझी तार मात्र तीच आहे, खांबही तोच. मोहल्ल्यातली माणसं मिळून हेमराजकडे दुसरी मोठी तार मागायला गेली होती. तो "देखते हैं" म्हणाला. तोवर दर शुक्रवारी दीपिकाला ग्राहकांपुढे बोलायचं असलं की गल्ली ओट्यावर येऊन बसते, आणि ललिताबाई फोन घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहतात. आपल्यामुळे पुन्हा काही बिघडायला नको, म्हणून. आणि मी दर शुक्रवारी धास्तावतो, कारण माणसांची माया मोठी असली तरी वाट अरुंदच आहे, आणि मायेवर किती दिवस तारेचं काम भागवायचं?

वाचकहो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला चापट मारण्याआधी एकदा खिडकीतून खांबाकडे पाहा. आणि जमलं तर शेजारी विचारा, आज तुमच्याकडे कोणाचं काही अडलंय का.

एक बोलणं मात्र तुझ्यासाठी आहे, दीपिका. त्या शुक्रवारी तू सातासमुद्रापारच्या लोकांना भाताची शेतं दाखवलीस. त्यात लांजीजवळचं एक शेत होतं. तू इंग्रजीत म्हणालीस, ही माझ्या मामाची बांधी, आई लहानपणी इथे रोवणी करायची, आणि यंदा इथे पीक चांगलं आहे. ते लोक तुझ्या आईचं माहेर बघत होते, तेव्हा ती अनवाणी रस्त्यावर उभी होती. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. एका दुपारी तिच्याजवळ बस आणि मराठीत सांग. त्याला माझी गरज लागणार नाही.