दाराजवळची पहिली ओळ

"लिही! रोपवाटिकेवाल्यानं रोगट रोपं दिली, असं सरळ लिही आणि खाली सही ठोक. एवढा शिकलास आणि साधी सही जमेना होय रे?"

ताईचा आवाज पॉलीहाऊसच्या प्लास्टिकवर आपटून परत येत होता. तिचा धाकटा भाऊ टोमॅटोच्या ओळीत गुडघे टेकून बसला होता, हातात छोटा चाकू. पिकांवरच्या बुरशीचं संशोधन करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. प्रयोगशाळेत त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, घरी मात्र तो बुरश्या. नाव ताईनंच पाडलेलं, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

"अगं, आधी बघू तर दे."

"बघ की! परवा एका बाजूची पानं पिवळी पडली, काल झाडांनी माना टाकल्या. अजून काय बघायचंय?"

त्यानं एक खोड उभं चिरलं. आत चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ, मुळापासून वरपर्यंत. मर रोग. मातीतली बुरशी मुळातून शिरते आणि झाडाच्या पाण्याच्या नळ्याच बुजवून टाकते. कितीही पाणी घाला, झाड तहानेनंच मरतं. आणि ही बया एकदा मातीत शिरली की वर्षानुवर्षं हलत नाही.

"रोपांतूनच आली ना?"

"येऊ शकते."

"येऊ शकते काय? आलीच! आणि तो मेला कसा गोड गोड बोलतो. तुझा कागद त्याच्या दारावर चिकटवते. पुन्हा कुणी त्याच्याकडे फिरकलं तर नाव बदलीन माझं."

तो उठला आणि पार टोकापर्यंत चालत गेला. बारा ओळी. सगळीकडे तीच रोपं, एकाच दिवशी लावलेली. अकरा ओळी हिरव्यागार, ताठ. आजारी फक्त दाराजवळची पहिली ओळ, त्यातही सुरुवातीची सात झाडं. रोपांतून आली असती तर कुठेही उगवली असती. ही तर दारातून चालत आली होती.

"ताई, आत कोण कोण येतं?"

"मी आणि तुझे भावोजी. ट्रेत पाय बुडवल्याशिवाय दोघंही आत येत नाही. तूच ठेवायला लावलास ना तो औषधाचा ट्रे? ते तर आता बाथरूममध्ये जातानाही ट्रे शोधतात."

त्याला हसू आलं नाही. त्यानं दारातल्या ट्रेकडे वळून पाहिलं.

तीन आठवड्यांपूर्वी तो इथं आला होता, थेट प्रयोगाच्या शेतातून. कुठलं वाण टिकतंय ते बघायला त्या शेतात हीच बुरशी मुद्दाम मातीत कालवलेली. तिथं गमबूट घालायचे असतात. पण त्या दिवशी मीटिंग होती, पायात नवे चामड्याचे बूट होते, आणि दोनच मिनिटांचं काम म्हणून तो तसाच शिरला. इथं दारात आला तर समोर ट्रे. औषधानं चामडं पांढरं पडतं. त्यानं सरळ ट्रेवरून ढांग टाकली आणि पहिल्या ओळीशी उभा राहून वीस मिनिटं फोनवर बोलला. छापखानेवाल्याशी. शेतात शिरताना बूट कसे धुवावेत, यावर त्यानंच लिहिलेल्या पुस्तिकेबद्दल.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बुरशी वाढली असती. ती कुणाच्या बुटातून आली ते बशी सांगत नाही. रोपवाटिकेवाला डॉक्टरच्या सहीपुढे किती भांडणार?

"काय रे? तोंड का उतरलं?"

"त्याचं नाव नाही लिहिणार मी."

"का? मित्र आहे तुझा?"

"मीच आणली, ताई. माझ्या बुटांतून. ट्रेवरून ढांग टाकली होती मी. नवे होते बूट."

ताईनं त्याच्या पायांकडे पाहिलं. ओरडली असती तर परवडलं असतं.

"बुटांसाठी," ती म्हणाली आणि पालथ्या क्रेटवर बसली. "तो माणूस काल ह्या दारात उभा राहून शपथा घेत होता. चार लोकांदेखत मी त्याला चोर म्हटलं."

"मी लिहून देतो, माझ्या नावानिशी. तो कागद त्याच्याकडे मीच नेतो."

"नेच. मीही येते, मलाही तोंड दाखवायचंय त्याला. आणि माझी ही माती?"

"पहिली ओळ मुळासकट उपटून जाळू. दुसरीही."

"बाकीच्या वाचतील?"

"नाही सांगता येत."

"कधी नव्हे ते खरं बोललास." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवशी धड बसलासुद्धा नाहीस. काय म्हणे, अजून दोन पॉलीहाऊस बघायची आहेत."

चाकू मिटता मिटता त्याचा हात थांबला. दोन पॉलीहाऊस. त्याच दुपारी. तेच बूट.

"काय झालं आता?"

"तिथंही गेलो होतो मी. त्यांच्या पहिल्या ओळीत रोज कुणीतरी चालत असेल. तेच पाय घेऊन दुसरीत जात असेल, तिसरीत..."

"मग फोन कर!"

"करतो, वाटेत करतो. मला निघायला हवं, ताई. आत्ता."