मावशीचा तळहात

वीस वर्षं व्हिडिओ गेमचे कन्सोल दुरुस्त करणाऱ्या मावशीची कसोटी एकच होती. तासभर खेळून यंत्राच्या पाठीला तळहात लावायचा. चटका बसला, तर ते नुसतं खेळणं.

फोन कन्सोलपेक्षा कमी नाही, हे दाखवायला भाचीने आपला महागडा फोन मावशीच्या दुकानातल्या टीव्हीला जोडला आणि तिच्या हातात कंट्रोलर दिला. पाऊण तासाने शर्यतीची गाडी अडखळू लागली.

“टाकली ना मान!” मावशी खूश झाली.

भाचीने फोनच्या पाठीला चिमुकला पंखा लावला. गाडी पुन्हा सुसाट निघाली. तास भरताच मावशीने हात लावून पाहिला. चटका नव्हता.

“मानलं बाई तुझ्या फोनला!”

शेवटच्या वळणावर मावशी पहिली होती, तेवढ्यात भाचीच्या आईचा फोन आला. पडदाभर तिचा फोटो झळकला आणि गाडी कठड्यावर आदळली.

“वीस वर्षांत,” मावशी कडाडली, “माझ्या एकाही कन्सोलमध्ये ताई आली नव्हती!”