पहिल्याच आठवड्यात

"उठवू नका त्यांना," सर हळूच म्हणाले.

बाईंनी नवऱ्याच्या खांद्याकडे नेलेला हात मागे घेतला. योगवर्ग संपला होता. लोक चटया गुंडाळत होते, कुणी मोजे चढवत होतं, आणि मागच्या भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत काका अजून डोळे मिटून बसलेले. शाळेची बस चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. बसमधली पोरं काका म्हणायची, म्हणून सगळं जगच त्यांना काका म्हणायचं. घरात बसून कंटाळा आला, म्हणून ते या आठवड्यापासून बायकोच्या मागे लागून वर्गाला येत होते. गुडघे वाकत नाहीत, मला खुर्ची द्या, असं पहिल्या दिवशीच सांगून मोकळे झाले होते.

आता त्यांचा श्वास इतका संथ चालला होता की दिसतही नव्हता. चेहरा असा निवांत, की बाईंना तो धड ओळखीचा वाटेना.

थोड्या वेळाने काकांनी डोळे उघडले. "संपलं का? चला."

"थांबा हो," सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "काय झालं, सांगता येईल?"

"झालं काहीच नाही," काका डोकं खाजवत म्हणाले. "पंख्याचा आवाज येत होता. कुणीतरी खोकत होतं. सगळं होतं हो, पण ते ऐकणारा मी म्हणून वेगळा कुणी नव्हताच. आणि भीती नव्हती. कशाचीच नव्हती. मला कळलंच नाही आजवर, की मी एवढा घाबरून जगत होतो."

सरांचे डोळे भरून आले. बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते. वीस वर्षांत बाईंच्या कुठल्याही बोलण्याने सरांचे डोळे भरून आले नव्हते.

"रविवारच्या सभेत सगळ्यांसमोर सांगाल?" सर म्हणाले, आणि बाईंकडे वळून हसले. "ताई, ठेवा तुमच्या घरातच होता की!"

बाई हसल्या. आतून त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आता यात बाईंचं काय चुकलं, सांगा? तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या शिलाई तपासायच्या. टाका सुटलेला, कॉलर वाकडी, बटण सैल, काही म्हणजे काही त्यांच्या नजरेतून निसटायचं नाही. तीच नजर त्यांनी स्वतःवर लावली होती. वीस वर्षं पहाटे उठणं. चहा सोडला, गोड सोडलं, टीव्ही सोडला. यम-नियमांपासून समाधीपर्यंत आठही अंगं त्यांना तोंडपाठ. नव्या माणसाला प्रत्याहार, म्हणजे इंद्रियं आत वळवणं, समजावायचं तर सर त्यांनाच पुढे करायचे. आणि डोळे मिटले की दिसायचं काय? वाकड्या कॉलरी. जावेचे नवे पडदे. एकदा एक निळा ठिपका दिसला, तेव्हा त्या धावत सरांकडे गेल्या, तर ते म्हणाले, "छान. लक्ष देऊ नका त्याच्याकडे." त्यानंतर तोही बेटा फिरकला नाही.

आणि हा माणूस! डबाभर बिस्किटं संपवणारा, पेपर मोठ्याने वाचणारा, आंघोळीला दहा हाका मारायला लावणारा! याला पहिल्याच आठवड्यात? तेही खुर्चीत बसून?

काका वाटेत थांबून टोमॅटो निवडत होते. भाव करत होते, दुकानदाराशी हसत होते. झाल्या गोष्टीचा त्यांच्या चेहऱ्यावर काडीचाही रुबाब नव्हता, आणि त्यानेच बाईंचं पित्त आणखी खवळलं. निदान मिरवला असता, तर नाक मुरडायला जागा तरी मिळाली असती.

घरी त्या कणीक मळायला बसल्या, तसे काका स्टूल ओढून समोर आले.

"अगं, याला तुमच्यात काही नाव असतं का?"

"कशाला?"

"आज झालं त्याला." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "मला आता कळलं, तू रोज पहाटे का उठतेस ते. मी उगाच कुरकुर करायचो. एवढं छान वाटत असेल, तर कुणीही उठेल! तुला तर रोजच होत असेल ना हे?"

बाईंचे हात कणकेत तसेच थांबले. रोज. आता होय म्हणावं तर धडधडीत खोटं, आणि नाही म्हणावं तर... नाही म्हणायला जीभ वळेना. खोटंच बोलायचं तर निदान सोयीचं बोलावं.

"अहो, कसलं काय," त्या म्हणाल्या. "घोरत होतात तुम्ही."

"मी?"

"मग कोण? मी शेजारीच होते ना. सर आपले भोळे, त्यांना काय कळतंय."

काका क्षणभर बायकोकडे बघत राहिले. मग खो खो हसले. "हात्तिच्या! मी म्हटलं काय नि काय!" असं म्हणत ते टोमॅटो धुवायला उठले.

रविवारी सभागृह भरलं होतं. सरांनी काकांना पुढे बोलावलं. काका उभे राहिले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "मंडळी, माफ करा. आमच्या हिचं म्हणणं, मी त्या दिवशी घोरत होतो."

हशा झाला. कुणीतरी टाळी दिली. सर मात्र हसले नाहीत. "घोरण्याचा आवाज तर मला आला नाही, ताई."

"मी शेजारी होते, सर," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात कापला नाही.

"असं? मग तुम्हीच बोला आज ध्यानावर."

त्या बोलल्या. धारणा म्हणजे काय, ध्यान म्हणजे काय, साधकाने फळाची घाई का करू नये, सगळं मुद्देसूद. मनात वर्षानुवर्षं साठलेलं घडाघडा बाहेर आलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात उशिरापर्यंत काका वाजवत होते.

परतताना रस्त्याच्या कडेला दोघं सिग्नलला थांबली. त्या टाळ्या बाईंना पचत नव्हत्या.

"तुम्ही घोरत नव्हतात," त्या समोर बघत म्हणाल्या.

"माहीत आहे गं."

"माहीत आहे म्हणजे?"

"मी घोरलो की तू कोपर मारतेस. लग्न झाल्यापासून खातोय. त्या दिवशी नाही बसलं."

बाई गर्रकन वळल्या. "मग एवढ्या लोकांत स्वतःचं हसं कशाला करून घेतलंत?"

"मला काय त्याचं? लोक हसले म्हणून ते थोडंच कमी होणार होतं? आणि त्या दिवशी कणीक मळताना तुझा चेहरा बघवत नव्हता मला."

आता बाईंना आपली लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण तिच्याआधी हेवाच वर आला, पहिल्यापेक्षा दुप्पट. अनुभव तर याला मिळालाच, आणि तो असा हसत हसत सोडून देणंही यालाच जमलं. वीस वर्षं आपण सोडायचं म्हणून काय काय सोडलं, आणि साधा हेवा सुटत नाही.

"मला नाही होत," त्या म्हणाल्या. शब्द बाहेर पडल्यावर त्यांनाच धक्का बसला. हे त्यांनी सरांनाही कधी सांगितलं नव्हतं. "रोज नाही आणि कधीच नाही. एकदाही झालं नाही मला."

काका त्यांच्याकडे वळले. आता समजूत घालतील, पाठीवर हात ठेवतील, या विचारानेच बाईंचं अंग आकसलं.

"एकदाही नाही?" काकांनी विचारलं. "आणि तरी रोज उठून बसलीस? वीस वर्षं?"

"हो."

"बाप रे," काका म्हणाले. "मला नसतं जमलं. मी दुसऱ्या दिवशी पांघरूण ओढून झोपलो असतो."

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. थट्टा कुठे दिसते का, कीव दिसते का, शोधलं. काही सापडलं नाही. काका खरोखरच तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत होते, आणि तसं त्यांच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

दिवा हिरवा झाला. लोक त्यांना वळसा घालून पलीकडे गेले. दोघं मात्र तिथेच उभी होती.