चार ओळींची साक्ष

आमच्या दादाच्या घशाला काहीही झालेलं नाही. गल्लीतले लोक आलं-मधाच्या बाटल्या आणून देतात. मी गोड हसून घेते आणि फडताळात ठेवून देते. दादा प्रार्थनाघरात प्रार्थना म्हणतो. आधी वडील म्हणायचे, आता तो. हल्ली तिसरं कडवं संपलं की तो जोरात खोकतो. न खोकला तर तोंडातून जे बाहेर पडेल त्याला तुरुंग आहे. त्याच कलमाखाली एका माणसाला त्यानेच आत पाठवलं होतं.

तो माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा चष्मेवाला. काचा घासायचा, तुटक्या दांड्या जोडायचा आणि कविता करायचा. वाचनालयाच्या अंकात त्याची एक कविता आली आणि प्रार्थनाघराच्या कमिटीचं पित्त खवळलं. देवाची निंदा! चौकात अंक जाळले. दादानेही आपल्या हाताने टाकले, न उघडता. कविता वाचून पेटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळे ऐकूनच पेटतात.

खटल्यात दादा मुख्य साक्षीदार. "शब्द न् शब्द बरोबर आला पाहिजे," वकिलांनी बजावलं. "अडखळलात तर समोरचा वकील तुम्हाला सोलून काढेल." तक्रारीत चारच ओळी होत्या. कमिटीने तेवढ्याच उतरवून घेतल्या होत्या.

पाठ करायची आमच्या घरात एकच रीत. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले, एक हात कानावर आणि प्रार्थनेची चाल. दुसऱ्याने कागद धरून पहिला शब्द द्यायचा. बायकांनी प्रार्थना म्हणायची नसते, म्हणून कागद कायम माझ्या हातात. वडील म्हणायचे, "असं पाठ केलेलं मेल्यावरच जातं. पण अर्धं पाठ करू नका. अर्धं डोक्यात फिरत राहतं, पुरं झालं की निजतं."

"अरे, याला चाल कशाला लावतोस?" मी दादाला म्हटलं.

"मला दुसरं काही येतं का?"

कोर्टात तो उभा राहिला, कानावर हात ठेवला आणि सुरू झाला:

देवा, एकदा आमच्या मागे रांगेत उभा राहा,
बघ, संध्याकाळपर्यंत तुझा नंबर लागतो का.
तुझ्या नावाने दार लावून घेतात ही माणसं,
तू आत आहेस, की आमच्यासारखाच बाहेर?

"गाऊ नका," न्यायाधीश म्हणाले. पण चालीशिवाय त्याला पहिला शब्दही आठवेना. मग पुन्हा चालीवरच. मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी सवयीने माना डोलावल्या आणि मला तशातही हसू फुटलं. चष्मेवाला पिंजऱ्यात डोळे मिटून ऐकत होता. आपली कविता कुणी इतका जीव ओतून म्हणेल असं त्याला वाटलं नसावं. निकालाआधीच तो तुरुंगात दम्याने गेला.

तेव्हापासून हे सुरू झालं. दादा दाढी करताना, बुटाची नाडी बांधताना, त्या चार ओळी म्हणायला लागला. चौथी संपली की पुन्हा पहिली. मी रागावले, चिमटे काढले, एकदा तर तोंडावर पाणी मारलं. "अगं, मी नाही म्हणत, ती येते," तो म्हणाला. मी घाबरले, खरंच घाबरले. शेवटच्या शब्दानंतर तो दर वेळी थोडा थांबतो. कुणाच्या तरी उत्तराची वाट बघावी तसा. त्या वेळी आम्ही दोघंही दाराकडे बघतो. दारात कुणी नसतं.

वर्षाची मोठी प्रार्थना आठवड्यावर आली. ती सलग म्हणावी लागते, तिथे खोकून भागत नाही. आणि कमिटी पहिल्या रांगेत.

"पुरी झाल्याशिवाय ती कविता निजायची नाही," दादा म्हणाला. "मला तिचा शेवट पाहिजे."

अंक शोधला. चौकात जळाले नाहीत ते लोकांनी भीतीने घरी जाळले होते. वाचनालयवाले म्हणाले, असा अंक निघालाच नाही. राहता राहिली चष्मेवाल्याची बहीण.

भर दुपारी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. लोकांनी न नेलेले चष्मे पुसत ती काउंटरमागे बसली होती. दादाला तिने लगेच ओळखलं. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दादाने उभ्यानेच सगळं सांगितलं.

"शेवट होता," ती म्हणाली. "लांब होती कविता. पुढे कुठेतरी तो देवाची समजूतसुद्धा काढतो."

"समजूत? कशी?"

"मी भांडी घासत होते. त्याने वाचून दाखवली, मी 'बरी आहे' म्हणाले."

"आठवून बघा ना, ताई."

"वह्या पोलिसांनी नेल्या. अंक तुम्ही जाळलेत. आमच्यात पाठ करायची पद्धत नाही हो. लिहिणारा घरातच होता, पाठ कशाला करायची?"

दादा मटकन खाली बसला. माझ्या मोठ्या भावाला मी असं बसलेलं वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग ती हातातला चष्मा ठेवून म्हणाली, "तुम्हाला जेवढी येते तेवढी तरी म्हणा. माझ्याकडे त्याची एक ओळ उरलेली नाही."

बाहेर रस्त्यावर माणसं होती. मी शटर खाली ओढायला वळले.

"राहू दे," दादा म्हणाला.

मी त्याला पहिला शब्द दिला. त्याने म्हटली, मोकळ्या आवाजात, कितीतरी महिन्यांनी न खोकता. रस्त्यावरचं कुणीतरी थांबलं, मला फक्त त्याची पावलं दिसत होती. चौथी ओळ संपली. ती मान वर करून पाचव्या ओळीची वाट बघत राहिली, दादाकडून.

"एवढीच येते मला," दादा म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं.

"मग परत म्हणा," ती म्हणाली.