घागरीतल्या गोळ्या

व्यायामशाळेच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध धडधडबाबा, शेजारी त्याची तांब्याची घागर. हृदय म्हणजे घोडा, डॉक्टर त्याला चाबूक मारतो आणि मी लगाम घालतो, असं तो सांगायचा. माणसाने आपल्या गोळ्या घागरीत ओतायच्या, बाबाने चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवायचं, वर घरी न्यायला पुड्या द्यायच्या. तासाभरात शंभरावरची नाडी सत्तरवर! आमच्या गल्लीतल्या शिंप्याची धडधड अशीच थांबली, तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला मापाआधी बाबाच सांगायचा.

मी चौथी शिकलेली, पण मला गंडवायला सात जन्म लागतील. घरात बजावलं, त्या घोडेवाल्याकडे जो जाईल त्याच्या ताटात मी वैरण वाढीन. सगळे हसले. आमचे हेही हसले.

आठवड्याने दुपारी हे ताटावरून उठले आणि भिंत धरून खाली बसले. ओठ पांढरे, अंग गार.

दवाखान्यात पडद्यावर नाडीचा आकडा होता चौतीस. डॉक्टरीण माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. काय घेतलं, असं तिने विचारलं तर मीच तिला सुनावलं, रोज सकाळी धडधड आवरायची एक गुलाबी गोळी, तीही माझ्या हाताने, चूक व्हायची नाही. तिने नाडी वाढवायचं इंजेक्शन दिलं. छत्तीस झाले, पुन्हा चौतीस. मग शिरेतून कॅल्शियम. रक्तदाब जरा चढला आणि घसरला. माझी पाचावर धारण बसली.

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, एका गोळीने असं होत नाही. पोटात काय गेलंय त्यावर औषध ठरतं. नुसती गुलाबीच जास्त झाली असेल तर तिच्यावरचा उतारा, ग्लुकागॉन देते, ते आमच्याकडे थोडंच आहे. पण नाडी उतरवणारी दुसऱ्या जातीची गोळीही गेली असेल, तर तेवढ्याने भागणार नाही. हृदयाला बळ द्यायला मोठ्या डोसात इन्सुलिन लागेल, साखरेच्या सलाइनबरोबर."

इन्सुलिन! यांना तर मधुमेह नाही. यांच्या कानाशी वाकून विचारलं. बोलायचं त्राण नव्हतं. नजर तेवढी सदऱ्याच्या खिशातल्या चष्म्याच्या घराकडे गेली. उघडलं, तर आत बाबाच्या चूर्णाची एक पुडी भरलेली आणि दोन रिकामी.

"तुझ्या तोंडाला भ्यालो," हे कसेबसे म्हणाले.

मी चूर्ण कागदावर पसरलं. नीट वाटलेलंच नव्हतं. त्यात गोळ्यांची बारीक टरफलं होती, काही गुलाबी, काही पिवळी. औषधांची इंग्रजी नावं मला वाचता येत नाहीत, म्हणून अख्ख्या गल्लीच्या गोळ्या मी रंगाने ओळखते. गुलाबी यांच्यासारखीच. पिवळी शिंप्याची.

डॉक्टरणीने शिंप्याला फोन लावून त्याच्या चिठ्ठीवरचं नाव वाचून घेतलं. "दोन्ही जाती आहेत," एवढं म्हणून तिने इन्सुलिन सुरू केलं. नर्स घडोघडी बोट टोचून साखर बघत होती. अर्धा तास आकडा हलला नाही. मी खाटेचा दांडा धरून उभी. मग अडतीस. मग त्रेचाळीस. दिवे लागले तेव्हा साठ.

म्हणजे घागरीत पडलेल्या गोळ्याच कुटून बाबा लोकांना परत देत होता. शिंप्याला त्याचंच औषध चमत्कार म्हणून मिळालं. यांना मात्र घरची गोळी, वर घागरीतल्या सगळ्यांच्या. डॉक्टरणीने कळवल्यावर पोलीस घागर घेऊन गेले, तेव्हा तळाशी अजून मूठभर पिवळ्या होत्या.

तर बायांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो कागदावर पसरून बघा. डॉक्टरपासून काही लपवू नका. तिला खरं कळलं तरच योग्य औषध हातात घेता येतं. बाबाला पकडलं पोलिसांनी, पण पुडी चष्म्याच्या घरात गेली ती माझ्या जिभेमुळे. आता रोज सकाळी गुलाबी गोळी देताना मी विचारते, आणखी काही घेतलंत का? आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून उभी राहते.